आधी पूर्ण नाव सांगा

न्हावा शेव्याच्या बंदरावर मी कस्टम्स क्लिअरिंगचं काम करतो. परदेशातून आलेला माल सोडवायचा, इथून जाणारा माल जहाजापर्यंत पोचवायचा, आणि त्यासाठी लागणारे कागद तयार करून कस्टम्सच्या संगणकप्रणालीत भरायचे. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसतात ते कंटेनर आणि ट्रेलर. आमच्या हाताखालून मात्र दिवसभर जातात ती तीन-चार अक्षरांची इंग्रजी लघुरूपं. बीएल, बीई, डीओ, आयजीएम, ईजीएम, सीएफएस, सीएफआर, ओओसी, सीओओ. दिसायला सारखी, ऐकायला त्याहून सारखी. ही एकमेकांपासून वेगळी ओळखता येणं म्हणजे आमच्या कामाचं निम्मं शिक्षण, आणि ते कुठल्या कॉलेजात मिळत नाही. मला ते कसं मिळालं आणि आज ऑफिसात येणाऱ्या मुलामुलींना मी ते कसं देतो, हे सांगावंसं वाटतं.

न्हावा पनवेल तालुक्यात, शेवा उरण तालुक्यात. या दोन गावांच्या नावाने ओळखलं जाणारं जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ ला सुरू झालं. त्याआधी इथे भातखाचरं होती, मिठागरं होती, खाडीतली मासेमारी होती. सिडकोने घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये आंदोलन झालं, त्यात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. उरण-पनवेल पट्ट्यातलं प्रत्येक घर ही आठवण सांगतं. त्या घरांतली पुढची पिढी बंदराच्या आधाराने उभी राहिली. कुणी ट्रेलर घेतला, कुणी यार्डात सुपरवायझर झाला, कुणी माझ्यासारखा क्लिअरिंगच्या ऑफिसात लागला. आमच्यातल्या बहुतेकांचं शिक्षण मराठी माध्यमात झालेलं. इंग्रजी वाचता यायचं, पण फाइल उघडली की समोर इंग्रजी शब्द नसायचेच, नुसती अक्षरं असायची. शब्दकोश घेऊन बसलं तरी त्यांचा अर्थ सापडत नसे.

आमच्या ऑफिसात एक ज्येष्ठ सहकारी होते. त्यांना सगळे काका म्हणत. मुंबईच्या जुन्या डॉकपासून त्यांनी हे काम केलेलं. त्यांनी मला एक लांब वही दिली आणि तीन रकाने आखायला लावले. पहिल्यात लघुरूप. दुसऱ्यात पूर्ण नाव. तिसऱ्यात हा कागद कोण देतं, कोण घेतं आणि तो हातात आल्यावर पुढे काय करता येतं. "तिसरा रकाना भरल्याशिवाय पुढच्या ओळीवर जायचं नाही," असं त्यांनी बजावलं होतं. नुसतं पूर्ण नाव पाठ करणारी मुलं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. बिल ऑफ लेडिंग आणि बिल ऑफ एंट्री ही दोन्ही नावं पाठ आहेत, पण कुठला कागद कुठे द्यायचा हे सांगता येत नाही, अशी.

वहीतली पहिली जोडी तीच होती. बीएल म्हणजे बिल ऑफ लेडिंग. माल जहाज कंपनीच्या ताब्यात आला याची ती पावती आणि मालावरच्या हक्काचा कागद. बीई म्हणजे बिल ऑफ एंट्री. आयातदाराच्या वतीने आम्ही ते कस्टम्सकडे दाखल करतो. त्यात मालाचं वर्णन, किंमत आणि शुल्क असतं. एक समुद्रापलीकडून येतो, दुसरा इथे तयार होतो. दोन्ही नावांत बिल आहे, पण पैसे मागणारं बिल त्यांतलं एकही नाही. पुढे बीएलमध्येही दोन प्रकार निघाले. जहाज कंपनी देते तो एमबीएल, म्हणजे मास्टर. मधला फॉरवर्डर आपल्या गिऱ्हाइकाला देतो तो एचबीएल, म्हणजे हाउस. हाउस बीएल घेऊन थेट जहाज कंपनीच्या काउंटरवर गेलं तर डिलिव्हरी ऑर्डर मिळत नाही. आधी फॉरवर्डरकडे जावं लागतं. नवा माणूस इथे हमखास एक दिवस घालवतो, आणि बंदरात उभ्या कंटेनरचा एक दिवस फुकट नसतो.

कागदांपेक्षा जास्त गोंधळ टर्मिनलांच्या नावांत होतो. बंदराचं पहिलं टर्मिनल बंदर स्वतः चालवायचं, ते जवाहरलाल नेहरू पोर्ट कंटेनर टर्मिनल, म्हणजे जेएनपीसीटी. १९९९ मध्ये खासगी गुंतवणुकीतून न्हावा शेवा इंटरनॅशनल कंटेनर टर्मिनल आलं, ते एनएसआयसीटी. २००६ मध्ये गेटवे टर्मिनल्स इंडिया, म्हणजे जीटीआय. २०१५ मध्ये न्हावा शेवा इंडिया गेटवे टर्मिनल, म्हणजे एनएसआयजीटी. २०१८ मध्ये भारत मुंबई कंटेनर टर्मिनल्स, म्हणजे बीएमसीटी. २०२२ मध्ये जेएनपीसीटी खासगी हातात गेलं आणि त्याचं न्हावा शेवा फ्रीपोर्ट टर्मिनल झालं, एनएसएफटी. आता एकाच बंदरात एनएसआयसीटी, एनएसआयजीटी आणि एनएसएफटी आहेत. पहिल्या दोघांत फरक एका अक्षराचा. त्यात कुणी नुसतं 'गेटवे' म्हणालं तर तेही पुरत नाही, कारण गेटवे हा शब्द दोन टर्मिनलांच्या नावात आहे.

निर्यातीच्या कंटेनरला जहाजाआधी ठरलेल्या वेळेत गेटच्या आत जावं लागतं. ती वेळ टळली की जहाज कंटेनर न घेता निघतं. एका संध्याकाळी एका वाहतूकदाराचा ड्रायव्हर करळ फाट्याच्या पुढे रांगेत अडकला होता. त्याला आलेल्या निरोपात टर्मिनलचं नाव अर्धवटच होतं. मी फोनवर विचारलं, सी की जी? आवाज तुटत होता, आणि सी नि जी तर फोनवर जुळ्यासारखे ऐकू येतात. मग विचारलं, "सी फॉर चेन्नई की जी फॉर गोवा?" तो म्हणाला, "गोवावाला, साहब." मी बुकिंगचा कागद काढून पाहिला. जहाज सीवाल्या टर्मिनलला लागणार होतं. तो बरोबर उलट्या रांगेत उभा होता. रांग बदलायला वेळ होता म्हणून माल गेला.

तेव्हापासून आमच्या ऑफिसात फोनवर सुटं अक्षर बोलायचं नाही, अशी पद्धत पडली. एम फॉर मुंबई, एन फॉर नागपूर, पी फॉर पुणे, बी फॉर बॉम्बे, डी फॉर दिल्ली, टी फॉर ठाणे. ऐकणाऱ्याला परकी वाटणार नाहीत अशी गावांची नावं. बी, डी, पी, टी ही अक्षरं गोंगाटात एकसारखी ऐकू येतात. डीपीडी म्हणजे डायरेक्ट पोर्ट डिलिव्हरी, आयातीचा माल सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर फ्रेट स्टेशनमध्ये, न नेता बंदरातूनच उचलायचा. डीपीई म्हणजे डायरेक्ट पोर्ट एंट्री, निर्यातीचा माल थेट बंदरात न्यायचा. एक माल बाहेर काढतो, दुसरा आत घालतो. यार्डातल्या गोंगाटात शेवटचं अक्षर नीट ऐकू आलं नाही तर काम उलट्या दिशेला लागतं.

दुसरी अडचण याच्या उलट. अक्षरं तीच, पण कामं वेगळी. आमच्याकडचं सर्वांत जुनं उदाहरण एमटीचं. वजनाच्या रकान्यात एमटी म्हणजे मेट्रिक टन. कंटेनरच्या यादीत एमटी म्हणजे रिकामा कंटेनर, कारण ही दोन इंग्रजी अक्षरं लागोपाठ म्हटली की रिकाम्यासाठीचा इंग्रजी शब्द ऐकू येतो. भेंडखळ, खोपटे, जासई या भागातल्या रिकाम्या कंटेनरांच्या यार्डांना सगळे एमटी यार्डच म्हणतात. यादीत वीस एमटी लिहिलं असेल तर वीस टन माल की वीस रिकामे डबे, हे फक्त रकाना पाहून कळतं.

पीओडीचंही तसंच. बीएलवर पीओडी म्हणजे पोर्ट ऑफ डिस्चार्ज, माल उतरण्याचं बंदर. ट्रान्सपोर्टवाल्याच्या तोंडी पीओडी म्हणजे प्रूफ ऑफ डिलिव्हरी, माल पोचल्याची सहीशिक्क्याची पावती. ती मिळाल्याशिवाय त्याचं भाडं निघत नाही. सी अँड एफचं आणखी वेगळं. किमतीपुढे लिहिलं तर मालाची किंमत अधिक जहाजभाडं. माणसाच्या पुढे लिहिलं तर क्लिअरिंग अँड फॉरवर्डिंग एजंट. एसएमटीपी तर संगणक शिकून आलेल्या मुलांना हटकून चकवतं. त्यांच्या अभ्यासात ती ईमेल पाठवण्याची पद्धत असते. आमच्याकडे ती कंटेनर बंदरातून आतल्या भागातल्या आयसीडीकडे, म्हणजे इनलँड कंटेनर डेपोकडे, न्यायची कस्टम्सची परवानगी, सब मॅनिफेस्ट ट्रान्सशिपमेंट परमिट. एका हुशार मुलीने मला विचारलं होतं, "सर, एसएमटीपी आलं नाही म्हणजे मेल अडकलाय का?" तिच्या शिक्षणाप्रमाणे प्रश्न बरोबर होता. मी तिला एवढंच सांगितलं, की अक्षरांना गाव असतं. कुठल्या कागदावर, कुठल्या रकान्यात ती उभी आहेत हे आधी पाहा, मग अर्थ विचार.

अक्षरांची नुसती जागा बदलली तरी काय होतं, हे सीओओ आणि ओओसी शिकवतात. सीओओ म्हणजे सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, माल कुठल्या देशात तयार झाला त्याचा दाखला. व्यापार कराराखाली शुल्कात सवलत हवी असेल तर हा दाखला लागतो, आणि २०२० च्या नियमांनंतर आयातदाराने माल खरोखर तिथलाच असल्याची माहितीही स्वतःजवळ ठेवावी लागते. ओओसी म्हणजे आउट ऑफ चार्ज, कस्टम्सने माल सोडला हा शेवटचा हुकूम. पहिला कागद कामाच्या सुरुवातीला लागतो, दुसरा शेवटी मिळतो. "सीओओ आला का?" आणि "ओओसी आला का?" हे दोन प्रश्न घाईत एकसारखेच ऐकू येतात. पण पहिल्याचं 'हो' दुसऱ्याला लावलं, तर ऑफिसातून ट्रेलर निघतो आणि माल अजून सुटलेलाच नसतो.

एडीने सुरू होणारं एक त्रिकूटही वहीत एकाच पानावर आहे. एडी कोड म्हणजे निर्यातदाराच्या बँकेचा ऑथराइज्ड डीलर कोड. एडीसी म्हणजे असिस्टंट ड्रग्ज कंट्रोलर. औषधं नि सौंदर्यप्रसाधनं यांच्या बाबतीत त्यांची ना-हरकत लागते. एडीडी म्हणजे अँटी डम्पिंग ड्यूटी. एक बँकेशी, एक औषधांशी, एक शुल्काशी. अशीच आणखी एक जोडी डीजीएफटी आणि डीजीटीआर. ही दोन्ही कार्यालयं वाणिज्य मंत्रालयातलीच. आयात-निर्यातीचा परवाना क्रमांक डीजीएफटी देतं. परदेशातून पडेल भावात येणाऱ्या मालाची चौकशी डीजीटीआर करतं. त्यांनी शिफारस केली की अर्थ मंत्रालय एडीडी लावतं.

पैशांच्या बाबतीत मी मुलांकडून सर्वांत जास्त वेळ घोटून घेतो ती जोडी सीएफआर आणि सीआयएफ. इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने व्यापाराच्या या अटी १९३६ मध्ये प्रथम छापल्या. २०२० च्या आवृत्तीत त्या ११ आहेत. सीएफआर म्हणजे कॉस्ट अँड फ्रेट, विकणाऱ्याने मालाबरोबर जहाजभाडंही भरलं. सीआयएफ म्हणजे कॉस्ट, इन्शुरन्स अँड फ्रेट, त्याने विमाही उतरवला. सी आणि एफ दोन्हींत आहेत, म्हणून नजर घसरते. पण मधला आय म्हणजे विमा, आणि तो कुणाच्या गळ्यात आहे हे त्या एका अक्षरावर ठरतं.

आपल्याकडे कस्टम्सचं शुल्क ज्या किमतीवर बसतं, तिच्यात इथल्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा धरावा लागतो. २००७ च्या मूल्यांकन नियमांप्रमाणे विम्याचा खर्च कळत नसेल आणि मालाची भाड्याशिवायची किंमतही वेगळी कळत नसेल, तर माल आणि भाडं यांच्या बेरजेवर १.१२५ टक्के रक्कम विमा म्हणून मिळवतात. म्हणजे दहा लाख रुपयांचं सीएफआर इन्व्हॉइस असेल तर ११,२५० रुपये मिळवून पुढे शुल्क काढायचं. तेच इन्व्हॉइस कुणी सीआयएफ समजून भरलं, तर किंमत कमी दाखवली असा अर्थ होतो.

त्याहून मोठं नुकसान मी एका आयातदाराचं पाहिलं. इन्व्हॉइसवर सीएफआर होतं. त्यांच्या खरेदी विभागाने ते सीआयएफ गृहीत धरलं आणि विमा उतरवला नाही. कंटेनर उघडला तेव्हा आतले खोके भिजलेले होते. विकणाऱ्याने शांतपणे कळवलं की विम्याची जबाबदारी आमच्याकडे नव्हतीच, आणि कागद त्याच्याच बाजूने होता. त्या छोट्या कारखान्याच्या मालकांचा चेहरा मला आजही दिसतो. म्हणून नवीन फाइल आली की मी पहिल्यांदा अटीचा रकाना पाहतो आणि गिऱ्हाइकाला पूर्ण वाक्यात विचारतो, "साहेब, विमा तुम्ही उतरवलाय का?" अक्षरं विचारली तर लोक हो म्हणून मोकळे होतात. वाक्यात विचारलं की थांबून विचार करतात.

किमतीसारखीच काळजी एककांची आणि देशांची घ्यावी लागते. प्रणालीत मापाचं प्रत्येक एकक तीन अक्षरांत आहे. एमटीएस म्हणजे मेट्रिक टन, एमटीआर म्हणजे मीटर. जीएमएस म्हणजे ग्रॅम, जीआरएस म्हणजे ग्रोस, एकशे चव्वेचाळीस नगांचा. केएलआर म्हणजे किलोलिटर, केएमई म्हणजे किलोमीटर. कापडाच्या फाइलीत मीटरच्या जागी टन पडले तर पुढचे सगळे हिशेब कोसळतात.

देशांची दोन अक्षरी रूपं त्याहून फसवी. सीएन म्हणजे चीन. सीएच म्हणजे स्वित्झर्लंड, त्या देशाच्या लॅटिन नावावरून. केआर दक्षिण कोरिया, केपी उत्तर कोरिया. एसए सौदी अरेबिया, झेडए दक्षिण आफ्रिका. एटी ऑस्ट्रिया, एयू ऑस्ट्रेलिया. एकदा स्विस यंत्राच्या सुट्या भागांची चेकलिस्ट माझ्या टेबलावर आली. बिल ऑफ एंट्री दाखल करण्याआधी सगळा मजकूर तपासण्यासाठी जो कागद काढतात, ती चेकलिस्ट. इन्व्हॉइसवर सीएच होतं आणि एका मुलाने मूळ देश चीन असा भरला होता. त्याचं म्हणणं, चीनची सुरुवात सीएचनेच होते ना? इंग्रजी शब्दाची पहिली दोन अक्षरं म्हणजेच देशाचा संकेत, असं त्याने धरलं होतं. हा समज स्वाभाविक आहे, म्हणून मी त्याला रागावलो नाही. पण ती चेकलिस्ट तशीच पुढे गेली असती तर चीनच्या मालाचे प्रश्न स्विस मालाला विचारले गेले असते. मग दुरुस्तीसाठी कस्टम्स कायद्याच्या कलम १४९ खाली अर्ज, अधिकाऱ्याची मंजुरी, आणि तोवर कंटेनर उभा. चेकलिस्टवर घालवलेली दहा मिनिटं पुढचे दोन दिवस वाचवतात, हे मी प्रत्येक तुकडीला सांगतो.

बंदरांचे संकेतही असेच वाचावे लागतात. आयएनएनएसए१ म्हणजे न्हावा शेवा. आयएनबीओएम१ म्हणजे मुंबईचं समुद्री बंदर, आयएनबीओएम४ म्हणजे सहारचं एअर कार्गो. पहिली दोन अक्षरं देशाची, पुढची तीन ठिकाणाची, आणि शेवटचा आकडा साधारणपणे मार्गाचा. एक समुद्र, चार विमान, सहा आतल्या भागातला आयसीडी. पूर्वी निर्यातदाराला एडी कोड प्रत्येक बंदरागणिक नोंदवावा लागे. एका निर्यातदाराने मुंबई एवढंच वाचून तो बीओएम१ वर नोंदवला आणि माल मात्र न्हावा शेव्याच्या गेटवर आला. शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीसाठी कस्टम्सकडे भरायचा कागद, अडकलं. लोकांच्या बोलण्यात दोन्ही मुंबईच, पण प्रणालीला दोन वेगळी बंदरं दिसतात.

एका जागी मात्र ही फसगत पकडायची सोय आकड्यांतच करून ठेवली आहे, आणि ती मला फार आवडते. कंटेनरच्या दारावर चार अक्षरं आणि सात आकडे असतात. पहिली तीन अक्षरं मालकाची, चौथं बहुधा यू. एमएसकेयू म्हणजे मर्स्क कंपनीचा कंटेनर, एमएससीयू म्हणजे एमएससी कंपनीचा. कंटेनर वाहणाऱ्या जगातल्या दोन सर्वांत मोठ्या जहाज कंपन्या, आणि मध्ये फरक एका अक्षराचा. गंजलेल्या दारावर, पावसात, रात्री हे वाचायचं. म्हणून सातवा आकडा हा पडताळ्याचा ठेवलाय. प्रत्येक अक्षराला एक मूल्य दिलंय. ए दहा, बी बारा, सी तेरा, असं. त्यांत अकराच्या पाढ्यातले आकडे गाळले आहेत. डावीकडून पहिल्या जागेला एकने, दुसऱ्या जागेला दोनने, तिसऱ्या जागेला चारने, असं दुप्पट करत गुणायचं, सातवा आकडा सोडून सगळ्याची बेरीज करायची आणि अकराने भागायचं. उरलेली बाकी म्हणजे सातवा आकडा. बाकी दहा आली तर शून्य धरतात.

मुलांना मी नेहमी सीएसक्यूयू ३०५४३८३ हा क्रमांक करून दाखवतो. बेरीज ६१८५ येते. अकराने भागल्यावर बाकी तीन. शेवटचा आकडाही तीन. मग एमएसकेयू आणि एमएससीयूचा फरक काढायला लावतो. के म्हणजे एकवीस, सी म्हणजे तेरा, फरक आठ. तिसऱ्या जागेचा गुणक चार, म्हणून बत्तीस. बत्तीसला अकराने पुरा भाग जात नाही, त्यामुळे केच्या जागी सी वाचला तर जवळजवळ प्रत्येक वेळी शेवटचा आकडा जुळत नाही आणि चूक लगेच दिसते. गणिताला घाबरून शाळा सोडलेली मुलंसुद्धा हे गणित आवडीने करतात. आपल्या रोजच्या कामातली अक्षरं एवढ्या विचाराने बांधलेली आहेत, हे समजल्यावर त्यांना त्या कामाबद्दल आदर वाटायला लागतो.

लघुरूपांचं वयही पाहावं लागतं. आमच्या धंद्याला सगळे अजून सीएचए म्हणतात, कस्टम हाउस एजंट. २०१३ च्या नियमांपासून कायद्यात तो शब्द कस्टम्स ब्रोकर असा आहे. मेजर पोर्ट अथॉरिटीज कायदा, २०२१ आला आणि जेएनपीटीमधला ट्रस्ट जाऊन जेएनपीए झालं, पण बसचा कंडक्टर आणि टपरीवाला जेएनपीटीच म्हणतात, आणि बोलण्यात त्याने काही बिघडत नाही. जुन्या फायली वाचताना मात्र बिघडतं. सीव्हीडी हे नाव १ जुलै २०१७ ला जीएसटी येण्याआधीच्या कागदांवर उत्पादन शुल्काएवढ्या अतिरिक्त शुल्कासाठी सर्रास वापरलेलं दिसतं. बहुतेक मालावर त्या शुल्काची जागा आयजीएसटीने घेतली. आज सीव्हीडी म्हटलं की परदेशी सरकारने दिलेल्या अनुदानाला उत्तर म्हणून लावलेलं शुल्क. म्हणून वहीत मी आता चौथा रकाना वाढवलाय: हे रूप केव्हापासून केव्हापर्यंत. काकांनी पाहिला असता तर त्यांना तो पटला असता, असं वाटतं.

आमच्या व्यवसायात एच कार्डावर सुरुवात होते. परीक्षा पास झाली की जी कार्ड मिळतं आणि कस्टम्सपुढे सही करण्याची जबाबदारी येते. इथेही मधे एकच अक्षर बदलतं. माझ्या हाताखालून गेलेल्या कितीतरी मुलामुलींनी ती परीक्षा दिली. उरण, पनवेल, पेण, अलिबागकडची ही मुलं. त्यांतल्या अनेकांना आपलं इंग्रजी कच्चं आहे याचा न्यूनगंड होता. माझा अनुभव असा, की लघुरूपांत घोटाळा करणाऱ्यांमध्ये उत्तम इंग्रजी बोलणारेही तेवढेच असतात. कारण त्यांना आपल्याला माहीत आहे असं वाटतं आणि ते विचारत नाहीत. ज्याला प्रश्न विचारायची लाज वाटत नाही, तो या कामात लवकर तयार होतो.

म्हणून माझं या क्षेत्रातल्या सगळ्यांना सांगणं आहे. ऑफिस चालवणाऱ्यांनी आपल्या कामातल्या लघुरूपांची यादी पूर्ण नावासह आणि त्याने काय काम होतं ते मराठीत लिहून भिंतीवर लावावी. ईमेलमध्ये पहिल्यांदा पूर्ण नाव लिहावं, मग अक्षरं वापरावीत. ड्रायव्हरला पाठवायच्या निरोपात टर्मिनलचं नाव कधीही तोडू नये. गेट चुकला की रात्र त्याची जाते. गिऱ्हाइकाला अटी विचारताना अक्षरांत विचारू नये, वाक्यात विचाराव्यात. यातल्या कशालाच पैसे पडत नाहीत.

आणि नव्याने कामाला लागणाऱ्या माझ्या भावाबहिणींनो, समोरचा कितीही घाईत असला, कितीही मोठ्या हुद्द्यावर असला, तरी एखादं लघुरूप कळलं नाही तर त्याला थांबवा. "पूर्ण नाव सांगता का?" एवढंच विचारा. उत्तर वहीत लिहा. तो कागद कोण देतं आणि पुढे काय होतं, हेही लिहा. लघुरूप लिहिणाऱ्याचा वेळ वाचवण्यासाठी असतं. त्याचा अर्थ विचारून घेणं हा तुमचा हक्क आहे, आणि आपल्या विश्वासावर माल सोपवणाऱ्या माणसासाठी तुमचं ते कर्तव्यही आहे.